नळीवरचा पाय

स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळाचे कार्यकर्ते घरी आले की बडोद्याचा मराठी माणूस बहुधा सयाजीराव महाराजांकडे वळतो. ग्रंथालये, कलाभवन, सक्तीचे शिक्षण, आजव्याचे पाणी. विषय कमी पडत नाहीत. यंदा आम्ही मात्र एका फिल्मवर लिहायचे ठरवले आहे. फिल्म पन्नास सेकंदांचीही नाही. तिच्यात राजा नाही, राणी नाही. एक माळी आहे, एक रबरी नळी आहे आणि एक वात्रट पोरगा आहे. जगातली पहिली विनोदी कथा-फिल्म म्हणून साधारणपणे तिचेच नाव घेतले जाते.

आम्ही म्हणजे दांडिया बाजारच्या एका वाड्यात एकत्र वाढलेली पाच मुले. आता सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. लेखणी एकाच्या हातात आहे, पण मजकूर पाचही जणांनी वाचून मान्य केलेला आहे. तो का मान्य करून घ्यावा लागला, हे लेखाच्या शेवटी कळेल.

आधी फिल्म. फ्रान्समध्ये ल्यों नावाचे शहर आहे. तिथे आंत्वान लुमिएर आणि त्यांचे मुलगे ऑग्युस्त व लुई यांचा फोटोग्राफीच्या काचा तयार करण्याचा मोठा कारखाना होता. फेब्रुवारी १८९५ मध्ये या भावांनी आपल्या 'सिनेमॅटोग्राफ' यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र हाताने फिरवायचे. तेच चित्रीकरण करी, त्याच्यातच फिल्मची प्रत निघे आणि मागे दिवा लावला की तेच पडद्यावर चित्र टाकी. फिल्म एकसारखी सरकत ठेवून चालत नाही. प्रत्येक चित्र क्षणभर थांबले पाहिजे आणि मग पुढे सरकले पाहिजे. शिवणयंत्रात कापड असेच थांबत थांबत पुढे जाते. लुईला ही युक्ती शिवणयंत्रावरूनच सुचली, असे सांगतात. आमच्या आयांनी आयुष्यभर जे यंत्र पायाने चालवले, त्याचा सिनेमाशी असा चुलत नात्याचा संबंध आहे.

त्या वर्षी लुई लुमिएरने ज्या फिल्मा काढल्या, त्यांपैकी बहुतेकांत रोजचीच दृश्ये होती. कारखान्यातून सुटणारे कामगार, बाळाला भरवणारे आईबाप, समुद्रात उड्या मारणारी मुले. जे समोर घडते ते टिपायचे, एवढेच. एका फिल्ममध्ये मात्र त्याने मुद्दाम एक गोष्ट रचली. तिचे सुरुवातीचे नाव नुसतेच 'माळी' असे होते. पुढे ती 'लारोझर आरोझे' या नावाने जगभर गेली. अर्थ असा की पाणी घालणाऱ्यालाच पाणी पडले.

गोष्ट सांगायला वेळ लागत नाही. माळी बागेत नळीने पाणी घालत उभा आहे. मागून एक पोरगा चोरपावलांनी येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी बंद. माळी गोंधळतो, नळीचे तोंड डोळ्यांसमोर धरून आत डोकावतो. पोरगा पाय उचलतो. पाण्याचा फवारा थेट माळ्याच्या तोंडावर, डोक्यावरची टोपी खाली. माळी मागे वळतो, पोरगा पळतो, माळी त्याला पकडतो, पुढे ओढून आणतो आणि चांगले फटके देतो. पोरगा निघून जातो. माळी पुन्हा पाणी घालायला लागतो. संपले.

यातला माळी खराखुरा माळी होता. लुमिएर कुटुंबाच्या पदरी असलेला फ्रान्स्वा क्लेर म्हणून तो ओळखला जातो. पोरगा त्यांच्याच कारखान्यातला उमेदवार होता, असे सांगतात. कल्पना मात्र घरची. आपला धाकटा भाऊ एदुआर लहानपणी अशी खोडी करायचा, त्यावरून हे सुचले, असे लुई पुढे म्हणत असे. ही गंमत त्याआधीच, १८८० च्या दशकात, फ्रेंच चित्रमालिकांत छापूनही आली होती. म्हणजे खोडी जुनी होती. पडद्यावर मात्र ती पहिल्यांदाच आली.

आता आमच्यातला लिहिणारा राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या कामात आहे आणि डिप्लोमाही त्याच विषयातला आहे, म्हणून त्याला इथे दोन शब्द बोलू द्या. पाणी नळीतून वाहत असते तेव्हा टाकीच्या उंचीमुळे मिळालेला दाब वाटेतल्या घर्षणात थोडा थोडा खर्च होत असतो. नळीवर पाय पडला की वाहणे थांबते आणि खर्चही थांबतो. पायाच्या मागे नळी फुगते आणि तिथे पूर्ण दाब जमतो. म्हणून पाय उचलताच पहिला फवारा नेहमीच्या धारेपेक्षा जोरात येतो. लुमिएरच्या माळ्याची टोपी उडाली ती या दाबाने.

यातून इतिहासाची एक गोष्ट आमच्या लक्षात आली. झारीने पाणी घालणाऱ्या माळ्याची ही खोडी काढता येत नाही. विहिरीवरून पखालीने पाणी आणणाऱ्याचीही येत नाही. त्यासाठी दाबाखालचे नळाचे पाणी हवे आणि लवचीक रबरी नळी हवी. या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांत पसरल्या आणि त्यांच्या मागोमाग ही खोडी आली. आपल्या बडोद्यातही आजव्याच्या सरोवराचे पाणी नळाने शहरात आले ते १८९० च्या दशकातच. नवे यंत्र आले की मोठी माणसे त्याचा उपयोग शोधतात आणि पोरे त्याची खोडी शोधतात. दोघांनाही यंत्र सारखेच कळलेले असते. पोरांना कदाचित थोडे जास्तच.

लुमिएर भावांचा पहिला तिकीट लावून केलेला खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रां काफेच्या तळघरात झाला. तिकीट एक फ्रँक, पहिल्या खेळाला पैसे देऊन आलेले प्रेक्षक ३३. योगायोग असा की त्या तळघरातल्या खोलीचे नाव होते 'भारतीय दालन'. त्या दिवशी दहा फिल्मा दाखवल्या गेल्या. पुष्कळांची समजूत अशी आहे की त्या दिवशी पडद्यावर आगगाडी आली आणि लोक घाबरून पळाले. पण त्या दहांत आगगाडीची फिल्म नव्हतीच. आमच्या माळ्याची मात्र होती. म्हणजे सिनेमाच्या जन्मदिवशी लोक घाबरले की नाही हा वादाचा विषय असला, तरी त्यांना हसवायची सोय नक्की केलेली होती.

पुढच्याच वर्षी मार्सेलँ ओझोल नावाच्या चित्रकाराने लुमिएरच्या खेळांसाठी एक भित्तिपत्र काढले. त्यात पडद्यावर भिजलेला माळी आहे आणि पुढे बसलेले बाया, बापे, मुले पोट धरून हसताहेत. एका विशिष्ट फिल्मचे जगातले पहिले पोस्टर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. सिनेमा विकायचा तर हसणारे लोक दाखवायचे, हे जाहिरातवाल्यांना पहिल्याच वर्षी समजले होते.

या फिल्मच्या नकलाही भराभर निघाल्या. जादूगार जॉर्ज मेलिएस त्या पहिल्या खेळाला हजर होता. त्याने १८९६ मध्येच आपला माळी भिजवला. अॅलिस गी या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिकेनेही भिजवला. इंग्लंडातही असेच माळी भिजले. जवळजवळ साठ वर्षांनी, १९५७ मध्ये, फ्रान्स्वा त्रुफोने उनाड मुलांवर 'ले मिस्तों' नावाची छोटी फिल्म काढली, तेव्हा तिच्यातही त्याने नळीचा प्रसंग घालून लुमिएरला नमस्कार केला. अमेरिकेत हॅल रोच या निर्मात्याने १९२२ पासून 'अवर गँग' नावाने वात्रट मुलांच्या छोट्या विनोदी फिल्मा सुरू केल्या. १९४४ पर्यंत त्या दोनशेहून अधिक निघाल्या. गोरी आणि काळी मुले एकत्र राहणे जिथे मोठ्यांना मंजूर नव्हते, त्या देशात या फिल्मांतली पोरे बरोबरीने उनाडक्या करत होती. तिथेही रंगाच्या थट्टा होत्याच, आज त्या खटकतात. पण टोळी एक होती. हे सगळे त्या नळीवरच्या पायाचे वंशज.

आपल्याकडे सिनेमा आला ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. लुमिएरचा माणूस मारियुस सेस्तिए यंत्र घेऊन आला होता. तिकीट एक रुपया. त्या पहिल्या दिवशी सहा फिल्मा दाखवल्या, त्यांत आगगाडी होती, माळी नव्हता. पण आम्हा बडोदेकरांच्या दृष्टीने खरी गोष्ट निराळीच आहे. पॅरिसमध्ये हे चालू होते, त्या सुमारास एक तरुण बडोद्यातल्या कलाभवनात शिकून फोटोग्राफीचा धंदा करायला गोध्र्याला निघाला होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते वडील बंधूंबरोबर बडोद्याला आले. प्रा. गज्जर यांच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम हे सारे त्यांनी इथे शिकले. गोध्र्याला प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेले. ते पुन्हा बडोद्याला आले, पण इथे त्यांचा फोटोचा धंदा चालेना. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत होती, असे त्यांच्या चरित्रांत येते. ज्या गावाने त्यांना शिकवले, त्याच गावाने त्यांच्यासमोर फोटोला बसायला नकार दिला. याचीही आपण स्मरणिकेत कधीतरी नोंद करायला हवी.

पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. 'मोहिनी भस्मासुर' बरोबर 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्मही फाळक्यांनी दाखवली. पण आमच्या विषयाशी सगळ्यांत जवळचा आहे १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात बाळकृष्णाचे काम केले फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने. ती तेव्हा सहा-सात वर्षांची होती. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळक्यांनी तिचा चेहरा जवळून दाखवला आहे. ती एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग मुकुट घालून कृष्ण होते. म्हणजे प्रेक्षकांना आधीच सांगितले आहे की ही आमची मुलगी, आता बघा तिच्या खोड्या. सुदैवाने हा चित्रपट बऱ्याच अंशी शिल्लक राहिला आहे.

दोन्ही फिल्मांत मूल खोडी काढते, मोठे माणूस फजीत होते आणि प्रेक्षक हसतो. फरक शेवटात आहे. लुमिएरच्या बागेत पोराला फटके मिळतात. गोकुळातल्या गौळणी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन येतात. ती फार तर त्याला उखळाला बांधते आणि तेही बांधताना दोर दोन बोटे कमीच पडतो. शेवटी तर तेच पोर डोहात उडी मारून सगळ्या गावाला वाचवते. आपण दहीहंडी फोडतो, गोपाळकाला खातो, पाळण्यातल्या कृष्णाच्या खोड्या गातो. आपल्या घरातल्या पोराने तेच केले तर मात्र आपण फ्रान्सचे माळी होतो. हे आमच्याही बाबतीत खरे आहे, म्हणून टीका म्हणून लिहीत नाही.

त्या फटक्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. लुमिएरचा कॅमेरा तिकाटण्यावर जागच्या जागी उभा होता. तो वळत नव्हता, मागे धावत नव्हता. पोरगा पळून चौकटीबाहेर गेला असता तर प्रेक्षकांना शिक्षा दिसलीच नसती. म्हणून माळी त्याला ओढत पुढे, सगळ्यांना दिसेल अशा जागी आणतो आणि तिथे मारतो. आपल्याला वाटते माळी रागावला आहे. प्रत्यक्षात तो दिग्दर्शकाचे ऐकतो आहे. शिक्षा चारचौघांत दिसावी लागते, हे त्या फिल्ममधले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत खरे दिग्दर्शन आहे. आणि तिथे अन्याय होत नाही, कारण नळीवर पाय कोणी ठेवला हे प्रेक्षकांनी आधीच पाहिलेले असते.

आता आमची गोष्ट. १९९० च्या आसपासचा गणेशोत्सव. तेव्हा मंडपासमोर रात्री पडदा लावून चित्रपट दाखवायची पद्धत होती. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्याने यायचा. दोन काठ्यांना पांढरी चादर ताणून बांधायची आणि अर्धे लोक पुढे, अर्धे मागे बसायचे. मागे बसणाऱ्यांना अक्षरे उलटी दिसत, पण जागा चांगली मिळे. मुख्य चित्रपटाआधी पोरांसाठी मुक्या विनोदी फिल्मचे एक रीळ लावत. त्या वर्षीच्या रिळात नळीवर पाय ठेवायची गंमत होती. आम्ही पाचही जण हसून हसून लोळलो. झोपताना एकमेकांना तेच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपासमोरची धूळ बसावी म्हणून एक काका नळी घेऊन सडा मारत होते. त्या वर्षी रायगडाचा देखावा होता. बांबू, पोती, पुठ्ठा आणि त्यावर रंग. वाड्यातल्या मोठ्या मुलांनी पंधरा दिवस रात्री जागून तो केला होता. आम्ही नळीच्या दुसऱ्या टोकाशी गेलो आणि आळीपाळीने पाय दिला. काका नळीच्या तोंडात डोकावले. इथपर्यंत सगळे फ्रान्ससारखेच झाले. पण आमची नळी तोटीला नुसत्या सुतळीने बांधलेली होती. दाब वाढला आणि नळी तोटीवरून निसटली. तोटी होती देखाव्याच्या बाजूला. पाण्याचा लोट सरळ महादरवाज्यावर गेला. बुरूज आधी वाकला, मग खाली बसला. रंग रस्त्यावर वाहू लागला.

आम्ही पळालो. जिन्याखाली जाऊन बसलो. वाड्यात एका भाडेकरूंचा मुलगा होता, त्याच वर्षी राहायला आलेला. आमच्यात त्याला अजून पूर्ण घेतलेले नव्हते. तो लांबून नुसता बघत उभा होता. तो पळाला नाही, कारण त्याने काही केलेच नव्हते. जो जागेवर सापडला त्यालाच धरले. त्याला ओढत मंडपासमोर आणले आणि सगळ्यांसमोर मारले. "मी नाही, मी नाही" हे आम्हाला जिन्याखाली ऐकू येत होते. आम्ही बाहेर आलो नाही. तो दिवस गेला, विसर्जन झाले, आम्ही कोणालाही सांगितले नाही. त्याच्या वडिलांनी पुढच्या उन्हाळ्यात घर बदलले. उरलेल्या गणपतीत तो आरतीला आला नाही. नंतरच्या कोणत्याही वर्षी आल्याचे आम्हाला आठवत नाही.

मारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी पंधरा रात्री जागून काढल्या होत्या. आज त्यांपैकी कोणी हयात नाही. दोष जिन्याखाली बसलेल्यांचा होता.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. डोक्यावरचे केस गेलेले, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. आमच्यापैकी तिघे तिथे होतो. जुन्या गोष्टी निघाल्या. जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन तो सहज म्हणाला, "काय रे, त्या वेळी नळी कोणी दाबली होती?" आवाजात राग नव्हता. आम्ही तिघेही हसलो. एकाने श्रीखंडाचा विषय काढला. तोही हसला आणि पुढे सरकला. घरी आल्यावर आम्हाला झोप लागली नाही. पस्तीस वर्षांत जिन्याखालून बाहेर यायची ती दुसरी संधी होती आणि ती आम्ही पुन्हा घालवली.

मुलांनी खोड्या काढू नयेत असे आम्हाला म्हणायचे नाही. ज्या सिनेमाने जगाला एवढे हसवले, त्याची सुरुवात एका खोडीने झाली. फाळक्यांनी तर आपल्या मुलीलाच खोडकर देव केले. आज आमच्या घरांतली मुले नळीच्या आसपास फिरकत नाहीत. ती दिवसभर मोबाइल घेऊन गप्प बसलेली असतात आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. पण खोडीला एक नियम असावा. पाय ज्याचा, त्याने पुढे यावे. फटके मिळाले तर मिळाले. माळी पुन्हा पाणी घालायला लागतो, बाग चालू राहते. ज्याचा पाय नाही त्याला फटके मिळाले, तर मात्र एक माणूस कायमचा मंडपाबाहेर जातो.

यंदा मुलांच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी ही पन्नास सेकंदांची फिल्म पडद्यावर दाखवावी, अशी विनंती आम्ही कार्यकर्त्यांना केली आहे आणि ती त्यांनी मान्य केली आहे. पूर्वीसारखी चादरच बांधू. या स्मरणिकेची एक प्रत आम्ही पाचही जण त्याच्या घरी घेऊन जाणार आहोत. जेवणाच्या रांगेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात छापलेले असेल, म्हणजे आम्हाला पुन्हा श्रीखंडाचा विषय काढता येणार नाही.

मित्रा, नळी आम्ही दाबली होती. पाचही जणांनी. तू नुसता बघत होतास. यंदा आरतीला ये, मुलीलाही घेऊन ये.

गणपती बाप्पा मोरया.